मनगटाला शॉक, अंगठ्याला उडी: नसांमधली वीज येते कुठून?

प्रश्न असा आहे: आईच्या हाताला रात्री मुंग्या येतात म्हणून नर्व्ह टेस्ट केली. मनगटावर शॉक दिला, अंगठा टुणकन उडाला आणि रिपोर्टात मिलिव्होल्ट, मायक्रोव्होल्ट, मीटर पर सेकंद असे आकडे आले. शरीरात वीज असते म्हणजे नेमकं काय? ती तयार कोण करतं? तारेतून वाहते तशीच ती नसेतून वाहते का?

ही टेस्ट मी गेली बावीस वर्षं रोज करतोय आणि मशीनवरची रेघ बघून किमान दोन दिवसांआड कोणीतरी हेच विचारतं. आधी एक घोळ मिटवू. बोलताना आपण ‘नस’ म्हणतो ती कधी रक्ताची शीर असते, कधी मज्जातंतू. इथे नस म्हणजे फक्त मज्जातंतू.

शेवटचा प्रश्न पहिला घेतो, कारण तिथे फसलं की पुढचं सगळं फसतं. तारेत वीज एका टोकाला तयार होते आणि दुसऱ्या टोकाला वापरली जाते. नसेचं काम दिवाळीतल्या फटाक्यांच्या लडीसारखं चालतं. पहिला फटाका दुसऱ्याला पेटवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येक फटाक्यातली दारू त्याची स्वतःची असते. म्हणून लड कितीही लांब असली तरी शेवटचा फटाका पहिल्याइतकाच जोरात वाजतो. मेंदूतून निघालेला संदेश पायाच्या अंगठ्यापर्यंत मीटरभराहून जास्त जाऊनही मिणमिणत नाही, त्याचं कारण हेच. फरक एवढाच, की ही लड दोनेक मिलिसेकंदांत पुन्हा तयार असते.

मग ही दारू भरतं कोण?

नसेतला प्रत्येक तंतू म्हणजे एका पेशीचा लांब धागा. पेशीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे खारं पाणी आहे, पण खार वेगळा. आत पोटॅशियम भरपूर, लिटरमागे साधारण १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक). बाहेर जेमतेम ४. सोडियमचं नेमकं उलटं: बाहेर १४५, आत १२ च्या आसपास. दोघांच्या मध्ये पेशीचा पडदा. तो चरबीचा, जाडी ५ नॅनोमीटरच्या आसपास. प्रभार असलेले कण, म्हणजे आयन, चरबीतून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांना प्रथिनांची बनलेली दारं लागतात. आम्ही त्यांना चॅनेल म्हणतो.

नस निवांत असते तेव्हा सोडियमची बहुतेक दारं बंद असतात, पोटॅशियमची काही किलकिली. आत गर्दी, बाहेर मोकळं, त्यामुळे पोटॅशियम बाहेर झिरपायला लागतं. पण पोटॅशियम धन प्रभाराचं. ते बाहेर पडतं तेव्हा त्याच्या जोडीचे ऋण प्रभाराचे मोठाले रेणू, प्रथिनं आणि फॉस्फेटं, आतच अडकून राहतात. म्हणजे प्रत्येक बाहेर गेलेल्या कणागणिक आतली बाजू थोडी ऋण होते आणि ती ऋण बाजू पुढच्या पोटॅशियमला मागे ओढते. गर्दी बाहेर ढकलते, प्रभार आत ओढतो. दोन्ही जोर सारखे झाले की झिरपणं थांबल्यात जमा. वरचे आकडे घेऊन हिशोब केला तर हा तोल उणे ९४ मिलिव्होल्टला जमतो. थोडं सोडियम कुठूनतरी आत गळतच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात नसेची पेशी उणे ७० च्या आसपास राहते. हातापायाचे स्नायू उणे ८५ ते ९० ला.

सत्तर मिलिव्होल्ट म्हणजे पेन्सिल सेलच्या विसाव्या हिश्श्याइतकं. ऐकायला किरकोळ. पण हा दाब ५ नॅनोमीटरवर पडलाय. दर सेंटिमीटरला मोजायचं झालं तर १ लाख ४० हजार व्होल्ट होतात. कोरड्या हवेत ३० हजारांना ठिणगी पडते. आत्ता हे वाचताना तुमच्या प्रत्येक नसेचा पडदा हा ताण सोसत बसलेला आहे.

पोटॅशियमचं दार सोडियमला का घेत नाही, हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतात. सोडियम आकाराने लहान, मग ते तर सहज जायला हवं. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि उत्तर समोर आलं. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं वेटोळं असतं. दाराच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेत, की पोटॅशियमला पाणी सोडून दिलं तरी तेवढाच आधार त्या अणूंकडून मिळतो. सोडियम लहान, त्याचे हात तिथवर पोचत नाहीत, म्हणून ते आपलं पाणी सोडायला तयारच होत नाही. एवढी पारख करूनही त्या एका दारातून सेकंदाला कोटीच्या घरात पोटॅशियम आयन जाऊ शकतात. २००३ चं नोबेल यासाठी मिळालं. मला विचाराल तर ते उशिरानेच मिळालं.

आत पोटॅशियम आणि बाहेर सोडियम ही विभागणी टिकवायचं काम एक पंप करतो. तो डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांत शोधला. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. पुष्कळ लोक, आणि डॉक्टरही, समजतात की संदेश हा पंप पाठवतो. तसं नाही. पंपाने साठा भरून ठेवायचा, संदेश दारांनी पाठवायचा. माकुळाच्या (स्क्विडच्या) जाड तंतूत विषाने पंप बंद पाडला तरी तंतू बराच वेळ संदेशाचे झटके देत राहतो, कारण साठा शिल्लक असतो. पण भरणं कायमचं थांबलं तर हाल होतात. आपल्याकडे कुंपणाला पिवळी कण्हेर लावतात, काही भागांत तिला बिट्टी म्हणतात. तिच्या बियांतलं विष नेमका हा पंप अडवतं. रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचा ताल बिघडतो. दवाखान्यात असा रुग्ण आला की आमचं लक्ष मॉनिटरवरून हलत नाही.

आता शॉककडे. तंत्रज्ञाने मनगटावर जे यंत्र टेकवलं त्याला दोन टोकं असतात. नस पेटते ती ऋण टोकाखाली. ते टोक पडद्याच्या बाहेरच्या अंगाचा धन प्रभार खेचून घेतं, त्यामुळे आत-बाहेरचा फरक कमी होतो. उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास आलं की सोडियमची दारं धडाधड उघडायला लागतात. या दारांत चार पट्ट्या असतात, त्यांच्यावर धन प्रभार. आतली ऋण बाजू त्यांना एरवी आत खेचून धरते. पकड सैल झाली की पट्ट्या बाहेर सरकतात आणि दार उघडतं. सोडियम आत घुसतं, आतली बाजू आणखी कमी ऋण होते, आणखी दारं उघडतात. अर्ध्या मिलिसेकंदात पेशीची आतली बाजू उणे ७० वरून अधिक ३०-४० वर जाते. यालाच ॲक्शन पोटेन्शियल म्हणतात; मी नुसतं झटका म्हणतो.

हे ‘अधिक’ पहिल्यांदा दिसलं तेव्हा बघणारे चक्रावले होते. त्या आधी जर्मन शास्त्रज्ञ बर्नस्टाइन यांचं १९०२ चं मत असं, की झटक्याच्या वेळी पडदा सगळ्याच आयनांना मोकळा होतो, म्हणजे फरक फार तर शून्यावर येईल. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्क्विडच्या तंतूत बारीक तार घातली. स्क्विड म्हणजे कोकणात आपण कालवणात घालतो तो माकूळ. त्याच्या अंगात पळून जाण्यासाठी एक तंतू असतो, अर्धा ते एक मिलिमीटर जाड, डोळ्यांनी दिसणारा. झटका शून्यावर न थांबता त्याच्या बराच वर गेला. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि दोघंही युद्धकामात अडकले. सोडियमचा वाटा हॉजकिन आणि काट्झ यांनी १९४९ मध्ये मांडला आणि १९५२ मध्ये दारांची सगळी समीकरणं आली. ती सोडवायला केंब्रिजचा संगणक नेमका तेव्हा उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. प्रत्यक्ष दार तेव्हा कोणी पाहिलंही नव्हतं. एकेका चॅनेलमधून जाणारा प्रवाह नेहर आणि साकमान यांनी मोजला तो १९७६ मध्ये.

एवढा मोठा उलटापालट झाला म्हणजे किती सोडियम आत गेलं असेल? अंदाज करून बघा. वीस मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरली तर १०० मिलिव्होल्टचा फरक पाडायला साधारण ८० लाख आयन पुरतात. त्या पेशीत पोटॅशियमचे आयन आहेत ३५ हजार कोटी. म्हणजे ४५ हजारांत एक इकडचा तिकडे झाला. म्हणूनच साठा एका झटक्यात संपत नाही, आणि पंपाला घाई नसते. तरीही मेंदूत अब्जावधी पेशी, दिवसरात्र झटके. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू बसल्या जागी २० टक्के ऊर्जा खातो, त्यातला मोठा वाटा या भरणीचा.

सोडियमच्या दाराला आणखी एक सोय आहे आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा जीव तीत आहे. दार उघडल्यावर मिलिसेकंदाच्या आत आतून एक बूच येऊन बसतं. बाहेरचा दाब अजून तसाच असला तरी सोडियम थांबतं. पेशी पुन्हा ऋण झाल्याखेरीज ते बूच निघत नाही. त्यामुळे झटका मागे फिरत नाही, पेटलेल्या फटाक्याकडे लड परत जात नाही. दरम्यान पोटॅशियमची दारं, जरा आळशी, सावकाश उघडतात आणि पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वपदावर येते.

हे बूच बसलं नाही तर काय होतं, ते कोकणातल्या डॉक्टरांना पुस्तक न उघडता माहीत आहे. लाल विंचू. दिसायला लहान, पण मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा कितीतरी घातक. त्याच्या विषातली काही प्रथिनं सोडियमच्या दाराला बाहेरून चिकटतात आणि बूच नीट बसू देत नाहीत. दार उघडं ते उघडंच. स्वायत्त नसा, म्हणजे आपल्या इच्छेविना हृदय-रक्तवाहिन्या चालवणाऱ्या, झटक्यामागून झटके देत सुटतात, ॲड्रिनलीन आणि त्याची भावंडं रक्तात ओतली जातात. दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरून हे मृत्यू रोखता येतात हे दाखवून दिलं. प्राझोसिन दाराला हातही लावत नाही. सुटलेल्या ॲड्रिनलीनचा मार रक्तवाहिन्यांवर पडतो तो अडवतं. याच विंचवाच्या विषातून पोटॅशियमचं एक दार बंद करणारं प्रथिनही वेगळं काढलं गेलं. जगभरच्या प्रयोगशाळा ते बाटलीतून विकत घेतात, आणि आपल्याकडे भात कापताना विंचू हाताला डसतो.

उलट टोकाचं उदाहरण तुम्ही स्वतः अनुभवलं असेल. दाताच्या डॉक्टरांकडचं लिग्नोकेनचं, म्हणजे बधिर करायचं, इंजेक्शन. ते पडद्यातून आत शिरतं आणि सोडियमच्या दाराच्या पोटात आतून अडकतं. लडीतले सलग काही फटाके ओले केले की पुढे काही पेटत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. उघड्या तंतूत प्रत्येक इंच पेटवत जावं लागतं, त्यामुळे जळजळ वाहून नेणारे बारीक तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढेच धावतात. उंबऱ्याला पायाचं बोट आपटलं की आधी आपटल्याचं कळतं आणि ‘आई गं’ मागून येतं, ते यामुळे. जाड तंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीच्या थरांचं, वेष्टण असतं, मध्ये मध्ये साधारण मिलिमीटरभर अंतरावर उघडी खाच. झटका खाचेतून खाचेत उडी मारतो. ०.०२ मिलिमीटर जाडीचा आपला तंतू १०० मीटर पर सेकंद गाठतो. माकुळाचा तो दोरखंडासारखा तंतू पंचविसाच्या आसपासच राहतो.

आता स्नायू. नसेची वीज स्नायूत उडी मारत नाही. मध्ये ५० नॅनोमीटरची फट आहे. झटका टोकाला पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, ॲसिटिलकोलीनच्या पुड्या फटीत रिकाम्या होतात. हे रसायन स्नायूच्या बाजूच्या दारांना चिकटतं, ती उघडतात, सोडियम आत, आणि स्नायू आपली स्वतःची लड पेटवतो. ती पृष्ठभागावरून आणि आत घुसलेल्या नळ्यांतून पसरते, कॅल्शियमच्या कोठारांना धक्का देते, कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आखडतो. अंगठा उडाला तो असा. मण्यार चावली की नसेच्या टोकाकडची पुड्या सोडण्याची यंत्रणाच उद्ध्वस्त होते, नागाचं विष स्नायूकडची दारं अडवून बसतं. दोन्हींत पापण्या मिटतात, श्वास थांबतो. पण निओस्टिग्मिन, म्हणजे फटीतलं ॲसिटिलकोलीन मोडू न देणारं औषध, नागाच्या दंशात चांगलं चालतं आणि मण्यारीला सहसा दाद देत नाही, कारण सोडायला पुड्याच नसतील तर रसायन वाचवणार कुठलं?

एक रुग्ण आठवतो. पंचविशीचा मुलगा, रात्री लग्नात पंगतीला जिलेब्यांवर ताव मारून झोपला, पहाटे लघवीला उठायला गेला तर पाय हलेनात. शुद्ध पूर्ण, बोलणं स्वच्छ, घरचे म्हणाले अर्धांगवायू. मी नसेला शॉक देत होतो आणि मशीनवर रेघ जवळजवळ सपाट. रक्तातलं पोटॅशियम ४ च्या जागी १.९. गोड खाल्लं, इन्सुलिन वाढलं, पोटॅशियम पेशींत ढकललं गेलं. ज्यांच्या स्नायूंच्या दारांत जन्मतः खोट असते त्यांच्या पडद्यावरचा विजेचा फरक अशा वेळी अर्धवट ढासळतो आणि सोडियमच्या दारांत बुचं बसून राहतात. मेंदू शाबूत, नस शाबूत, फक्त स्नायूची लड ओली. तोंडाने पोटॅशियम दिलं, दुपारी चहा प्यायला तो स्वतः चालत गेला. अशा तरुण मुलांचं थायरॉइड तपासायला मी कधी विसरत नाही. थायरॉइड जास्त चालत असलं तरीही हाच प्रकार होतो.

हृदयाची कथा स्वतंत्र उत्तराची आहे. एवढंच सांगतो, की तिथला झटका १ नाही तर २५०-३०० मिलिसेकंद टिकतो, कारण कॅल्शियम सावकाश आत येत राहतं. तेवढा वेळ दुसरा झटका घेता येत नाही, म्हणून हृदयाला वांब येत नाही.

स्नायूत सुई घालून आम्ही हे सगळं स्पीकरवर ऐकतो. निरोगी स्नायू सैल सोडला की शांत. नस तुटून दोनतीन आठवडे झालेले असले तर अनाथ झालेले स्नायूतंतू आपापले फुटायला लागतात; पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टपटप आवाज. नवख्या डॉक्टरांना मी सांगतो, आधी डोळे मिटून ऐका.

जत्रेत आणि प्रदर्शनांत ‘नसांची वीज वाढवणारी’ कडी, गाद्या, पट्टे मिळतात. वर सांगितलेल्यापैकी कोणत्या दारावर ते काम करतं, एवढं विक्रेत्याला विचारून बघा.

आता आईचा रिपोर्ट. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत वेळ ५.६ मिलिसेकंद लागलाय, ४.४ च्या आत हवा. पण कोपर ते मनगट या पट्ट्यात वेग ५४ मीटर पर सेकंद, उत्तम. स्नायूच्या लाटेची उंची ८ मिलिव्होल्ट, तीही चांगली. (बोटाची लाट मायक्रोव्होल्टमध्ये दिसते म्हणून घाबरू नका. तिथे आपण नुसती नस मोजतो. अंगठ्याशी मात्र एकेका तंतूने पेटवलेले शेकडो स्नायूतंतू एकदम मोजतो.) अर्थ असा, की तंतू जिवंत आहेत, मनगटाच्या बोगद्यात दाबून त्यांचं मायलिन झिजलंय, तेवढ्या टापूत उडी अडखळते. याला कार्पल टनेल म्हणतात. या टप्प्यावर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, साखर आणि थायरॉइडची तपासणी, एवढ्याने पुष्कळांचं भागतं. पुढचं तुमचे डॉक्टर हात बघून ठरवतील.

एक शंका मात्र तुम्ही काढायच्या आत मीच काढतो. थंड हातात दारं आळसावतात, तापमान एक अंशाने उतरलं की वेग दोनेक मीटरने घटतो. हिवाळ्यात आम्ही हात गरम पाण्यात धरायला लावतो ते त्यासाठी. मग आईचा हात गारठलेला होता म्हणून तर हा आकडा वाढला नसेल? पण करंगळीकडे जाणारी नस त्याच हातात, त्याच वेळी तपासली आहे आणि तिचे सगळे आकडे जागच्या जागी आहेत.